कुडाची भिंत, तेलरंगात

पोलीस ठाणे, देवळाली कॅम्प
अकस्मात मृत्यू चौकशीकामी
दिनांक ११/११/२००३, मंगळवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

मी, मंगळू काशिराम गावीत, वय ५७ वर्षे, धंदा पेंटर, शिक्षण चौथी पास, जात हिंदू कोकणा, राहणार सातपूर, नाशिक, मूळ गाव पेठ तालुक्यात. आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो ते असे की,

मी वरील ठिकाणी भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. माझी पत्नी सन १९९१ साली वारली. मुलगी सविता लग्न होऊन वापीला असते. मी अठराव्या वर्षी गाव सोडून नाशिकला आलो. नाशिकरोडचे गेणू मिस्त्री, आता हयात नाहीत, त्यांच्या हाताखाली रंगकाम शिकलो. साधा रंग देणारे पुष्कळ आहेत. माझे काम नकलेचे आहे. साध्या प्लास्टरच्या भिंतीवर संगमरवर काढणे, लोखंडी दारावर सागवानाच्या रेषा काढणे, सिमेंटचा खांब काळ्या दगडाचा दिसेल असे करणे. संगमरवराच्या शिरा मी पिसाने काढतो. लोक हात लावून बघतात आणि गार लागत नाही तेव्हा त्यांना कळते. बंगलेवाले, हॉटेलवाले, मंगल कार्यालयवाले मला बोलावतात.

मयत मैना देवराम भोये, वय ६५ वर्षे, निवृत्त नर्स, यांना मी सन १९९६ पासून ओळखत होतो. त्यांना सर्वजण सिस्टर म्हणत, मीही सिस्टरच म्हणत असे. त्यांचे लग्न झालेले नव्हते. त्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी देवळाली कॅम्प येथे कौलारू घर घेतले. पुढे हॉल, मध्ये स्वयंपाकघर, आत झोपण्याची खोली आणि मागे एक रिकामी खोली असे ते घर आहे.

सप्टेंबर १९९६ मध्ये सिस्टरांनी मला हॉलच्या कामासाठी बोलावले. भिंतीला कमरेइतका संगमरवर आणि दोन दारांना सागवान असे काम होते. चौथ्या दिवशी मी शिरा काढत असताना एक रेघ बिघडली. मी स्वतःशीच आमच्या कोकणा बोलीत काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. सिस्टर स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि त्याच बोलीत म्हणाल्या,

"तू कुठला?"

मी गाव सांगितले. त्यांचे गाव सुरगाणा बाजूचे. मध्ये दोन डोंगर. त्या दिवसापासून आमचे सर्व बोलणे बोलीत झाले. या जबाबात ते मराठीत लिहिले आहे. आमच्या बोलीत आम्ही एकमेकांना तूच म्हणत होतो. साहेबांनी लिहिताना माझ्या तोंडी सिस्टरांसाठी मानाचे "त्या" घातले आहे, त्याला माझी हरकत नाही.

हॉलचे काम संपल्यावर सिस्टरांनी मला आतल्या खोलीत नेले. पूर्वेकडची भिंत दहा फूट रुंद, नऊ फूट उंच आहे. ती पांढरी होती. त्या म्हणाल्या, "ही भिंत कुडाची करून दे."

मी म्हणालो, "काय करून?"

"कुडाची. कारवीच्या काड्यांची, शेणाने सारवलेली. तुला संगमरवर येतो, सागवान येतो. हे येत नाही का?"

मी त्यांना म्हणालो की, बत्तीस वर्षांत कोणी हे मागितले नाही. लोक मातीचे घर झाकायला मला बोलावतात. त्यावर सिस्टर म्हणाल्या की, त्या अकराव्या वर्षी आश्रमशाळेत गेल्या, तिथून नर्सिंगला, तिथून नोकरीत. "सगळं आयुष्य चुन्याच्या आणि डिस्टेंपरच्या पांढऱ्या भिंतींत गेलं. आई गेली तेव्हाही वॉर्डातच होते. आता झोपेतून उठले की समोर पांढरं दिसतं आणि वाटतं ड्यूटीला उशीर झाला." गावी त्यांच्या भावाने स्लॅबचे घर बांधले होते. कूड कुठे राहिला नव्हता.

ते काम मला अकरा दिवस लागले. लांबी, म्हणजे पुट्टी, जास्त घालून त्यात लाकडाचा बारीक भुसा मिसळला, म्हणजे भिंत खरखरीत झाली. त्यावर तेलरंग. शेणाचा रंग एक नसतो. ओले असताना हिरवट, सुकल्यावर पिवळट, चुलीजवळ काळपट. खालच्या कोपऱ्यात सारवण पडून आतली कारवी दिसते असे काढले. उजवीकडे एक लाकडी खुंटी काढली आणि तिची सावली खिडकीच्या उजेडाप्रमाणे डावीकडे पाडली.

सारवणाचे हात मी ब्रशने काढत होतो. सिस्टर मागे खाटेवर बसून बघत. एक दिवस म्हणाल्या, "हे चुकलं. हात असा फिरत नाही. तू कधी सारवलं आहेस का?" मी नाही म्हणालो. आमच्याकडे ते बायका करतात. त्यांनी पदर खोचला, रंगाच्या डब्यात हात घातला आणि भिंतीवर उजवीकडून डावीकडे अर्धा गोल फिरवला. मग त्याच्या खाली दुसरा, पहिल्याला जरा चिकटून. सात-आठ हात मारल्यावर त्या थांबल्या आणि भिंतीला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. मी बाहेर जाऊन हात धुतले. मी परत आलो तेव्हा त्या चहा ठेवत होत्या. तेलरंग हाताला बसला की रॉकेलने काढावा लागतो, तो मी त्यांना काढून दिला. कमरेच्या वरचे सगळे हात मग त्यांनीच मारले. खालचे, खाली बसून मारायचे, ते मी त्यांनी दाखवले तसे मारले.

शेजारी राहणाऱ्या सुवर्णा निकम, ज्यांचे पती लष्करात हवालदार आहेत, त्या भिंत बघायला आल्या. त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती. बोलता बोलता त्यांनी ती पिशवी मी काढलेल्या खुंटीला अडकवली. पिशवी खाली पडून टोमॅटो घरभर झाले. सुवर्णाबाई म्हणाल्या, "अगं माय, ही तर नुसती रंगाची हाय!" सिस्टर हसून खाली बसल्या. त्यांना इतके हसताना मी त्यानंतर पाहिले नाही. सुवर्णाबाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "पण पेंटरदादा, चांगल्या घरात शेणाची भिंत कोण काढून घेतं? सिस्टरचं डोकं ठिकाणावर हाय ना?" मी हो म्हणालो.

विचारल्यावरून सांगतो की, भिंत एकदाच रंगवली असताना मी त्या घरी पुन्हा पुन्हा का जात होतो, त्याचे कारण खालीलप्रमाणे.

मार्च १९९७ मध्ये, शिमग्याच्या आधी, मला सिस्टरांचे पोस्टकार्ड आले. त्यात "भिंत सारवायला आली आहे" एवढेच लिहिले होते. मी गेलो. भिंतीला काहीही झालेले नव्हते. मी म्हणालो, "सिस्टर, हा तेलरंग आहे. दहा वर्षं बघायला नको." त्या म्हणाल्या, "कुडाची भिंत शिमग्याला सारवतात, वाघबारशीच्या आधी सारवतात. तुझ्या आईने सारवली नाही का?" मी वाटीभर पातळ रंग करून भिंतीवर एक हात फिरवला. ते काम दोन तासांचे होते. मला संध्याकाळ झाली.

तेव्हापासून दर शिमग्याला आणि दर दिवाळीत वाघबारशीच्या आधी पोस्टकार्ड येत असे आणि मी जात असे. असे तेरा वेळा गेलो. पहिल्या कामानंतर मी मजुरी घेतली नाही. सकाळच्या बसने सातपूरहून सी.बी.एस., तिथून देवळाली कॅम्प. सिस्टर नागलीच्या भाकरी आणि उडदाच्या डाळीचे भुजे करत. नागली त्या पेठ बाजूच्या बायकांकडून आणून ठेवत. मी रंग देत असे, त्या बोलत. वॉर्डातले बोलत, डोंगरातले बोलत. मी कमी बोलतो. माझ्या बोलीत बोलायला मला दुसरे कोणी नव्हते. मुलगी गुजराती आणि हिंदी बोलते, जावईही तसाच. जाताना सिस्टर फाटकापर्यंत येत.

मयताचे भाचे सुनील भोये, राहणार नांदगाव, यांनी संशय घेतला होता की, मी भगत असून सिस्टरांच्या घरात शेणाची भिंत करून काही करणी केली व त्यांच्या घरावर माझा डोळा होता. याबाबत सांगतो की, मी भगत नाही. माझ्या घराण्यात कोणी नव्हते. भिंतीत किंवा भिंतीमागे मी काही पुरलेले नाही. पोलिसांनी खणून बघावे. घरावर डोळा होता की नाही यासाठी मार्च महिन्यातली गोष्ट सांगणे भाग आहे. ती मला कोणी विचारली नव्हती, मी आपणहून सांगत आहे.

यंदाच्या शिमग्याला, दिनांक १६ मार्च रोजी, मी भिंतीचे काम करून जेवायला बसलो होतो. सिस्टर वाढत होत्या. त्यांनी विचारले,

"तुझा गुडघा कसा आहे?"

मी म्हणालो, "शिडीवर चढताना दुखतो."

"मागची खोली रिकामी आहे. सातपूरला एकटा कशाला राहतोस? इथे ये."

मी जेवत राहिलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मी बोलले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

"लोक काय म्हणतील, सिस्टर?"

त्या म्हणाल्या, "मी पासष्ट वर्षांची आहे, मंगळू. लोक म्हणाले तर मला ऐकायला तरी येईल." मग भाकरी माझ्या ताटात टाकत म्हणाल्या, "विचार कर. मला घाई नाही."

त्या दिवशी त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

मी विचार केला. मुलगी काय म्हणेल, सुनील काय म्हणतील, याचा केला. या वर्षी सिंहस्थ असल्याने पंचवटीत हॉटेलांची कामे पुष्कळ होती, तीन महिने सुट्टी मिळाली नाही असे मी स्वतःला सांगत असे. ते खरे नाही. रविवारी सुट्टी होती. रविवारी मी खोलीत बसून असे.

दिनांक १४ ऑक्टोबर रोजी नेहमीप्रमाणे पोस्टकार्ड आले. ते मी सोबत आणून हजर केले आहे. त्यात "भिंत सारवायला आली आहे" असे असून खाली "जमेल तेव्हा ये" असे जास्त लिहिले आहे. ते पूर्वी कधी लिहीत नसत. मी गेलो नाही. रंगाची वाटी हातात असली की मी त्या घरात कितीही वेळ बसू शकत होतो. पण या वेळी त्या विचारणार आणि मला उत्तर द्यावे लागणार, म्हणून गेलो नाही. पत्राला उत्तरही पाठवले नाही. वाघबारस गेली, दिवाळी गेली.

दिनांक ९ नोव्हेंबर, रविवार रोजी मी सकाळी दाढी करून धुतलेले कपडे घातले आणि देवळाली कॅम्पला गेलो. माझ्याजवळ ब्रश किंवा रंग नव्हता. सुमारे साडेअकरा वाजता पोहोचलो. ओट्यावर दोन दिवसांचे पेपर पडले होते. दार आतून बंद होते. मी हाक मारली. मग दार वाजवले. सुवर्णाबाई बाहेर आल्या. त्या दिवाळीला माहेरी जाऊन आदल्या संध्याकाळीच परतल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, मला वाटलं सिस्टर झोपल्या असतील. दिवाळीच्या आधी विचारत होत्या, कुणाच्या गोठ्यात गाईचं ताजं शेण मिळेल. मी म्हटलं आता शेण कशाला हवं?"

मी घराच्या बाजूला जाऊन आतल्या खोलीच्या खिडकीतून पाहिले. मला सिस्टरांचे पाय दिसले. मी सुवर्णाबाईंना पोलिसांना फोन करायला सांगितले. मी तिथेच थांबलो.

पोलिसांनी दाराची कडी तोडल्यावर, पंच म्हणून बोलावलेल्या दोघांबरोबर मलाही आत घेतले. सिस्टर भिंतीजवळ आडव्या होत्या. डोके उंबऱ्याला लागले होते. लाकडी स्टूल बाजूला कलंडलेले होते. घमेल्यात शेण होते, ते वरून सुकले होते. त्यांचा पदर खोचलेला होता आणि दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले होते.

विचारल्यावरून सांगतो की, हा जादूटोण्याचा प्रकार नाही. त्या भिंत सारवत होत्या. मी आलो नाही म्हणून त्यांनी स्वतः सारवायला घेतली.

भिंतीवर कमरेच्या खाली थोडे सारवण शिल्लक होते, वरचे सर्व गळून पडले होते. तेलरंगावर शेण धरत नाही. ओले असेपर्यंत राहते, सुकले की पापुद्रा सुटून खाली येतो. भिंतीच्या कडेला पापुद्र्यांचा ढीग होता. मी रंगाच्या कामातला माणूस आहे, सुकणे मला कळते. ते पापुद्रे एका दिवसाचे नव्हते. काही हातात घेतल्याबरोबर भुगा होत होते, काही अजून लवचीक होते. यावरून माझे मत असे आहे की, त्यांनी निदान चार-पाच वेळा भिंत सारवली, प्रत्येक वेळी ती गळाली आणि त्यांनी पुन्हा सारवली. शेवटच्या वेळी वरपर्यंत हात पोहोचावा म्हणून त्या स्टुलावर चढल्या असाव्यात.

शेण धरणार नाही हे मी त्यांना सांगायला हवे होते. सांगितले नाही, कारण ती भिंत खरी नाही असे आमच्यात कधी बोलणे झाले नाही. पहिल्या शिमग्याला मी एकदा बोललो, ते वर लिहिले आहे. त्यानंतर नाही.

वरच्या भागात, जिथे सगळे गळाले होते, तिथे १९९६ चे त्यांच्या हाताचे अर्धगोल तसेच होते. त्यावर शेणाचे डाग राहिले होते. ते पंचनाम्यात आले आहेत की नाही मला माहीत नाही.

साहेबांनी विचारले की, त्या दिवशी काम नव्हते, बोलावणे येऊन महिना होत आला होता, तर मी कशासाठी गेलो होतो. मी सांगितले की, मागच्या खोलीबद्दल उत्तर द्यायला गेलो होतो. काय उत्तर देणार होतो असे साहेबांनी विचारले. ते तपासाला आवश्यक आहे का असे मी विचारले. साहेब नाही म्हणाले. म्हणून ते येथे लिहिलेले नाही.

काल दिनांक १० रोजी शवविच्छेदन होऊन प्रेत सुनील भोये यांच्या ताब्यात दिले. डोक्याला मार लागून मृत्यू, असे डॉक्टरांचे म्हणणे असल्याचे मला कळले. अंत्यविधी संध्याकाळी पाच वाजता झाला. आम्ही अकरा जण होतो. मी मागे उभा होतो. विधी झाल्यावर सुनील माझ्याकडे आले. ते म्हणाले, "डॉक्टरांचं ऐकलं. मी तुमच्याबद्दल बोललो ते रागात बोललो."

मी म्हणालो, "तुमची आत्या होती."

ते म्हणाले, "मी दोन वर्षांत आलो नव्हतो. फोन करायचो. ती म्हणायची सगळं बरं आहे." मग ते बराच वेळ चप्पल जमिनीवर घासत राहिले. नंतर म्हणाले, "काका, घर विकायचं आहे. तशी भिंत बघून कोणी घेणार नाही. तुम्हीच पांढरी करून द्याल का? दुसऱ्या कोणाला लावायला मला बरं वाटत नाही."

मी हो म्हणालो आहे. पोलिसांनी परवानगी दिल्यावर ते काम मी करीन. भुशाची लांबी खरवडावी लागणार नाही, तिच्यावर घट्ट प्रायमर दिला तर चालते. पांढरा रंग दोन हातांत बसेल. वरच्या भागाला कदाचित तीन लागतील.

माझा कोणावर संशय नाही. कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब मी मराठीत सांगितला तसा संगणकावर न घेता हाताने लिहिला असून, लिहून झाल्यावर साहेबांनी सावकाश वाचून दाखवला, तो मी नीट ऐकला. जबाबाला जोडलेल्या चौकशीच्या पहिल्या पानावर, शेजाऱ्यांनी सांगितल्यावरून, "मयत ही एकटी राहत असून तिच्याकडे कोणाचेही येणेजाणे नव्हते" असे एक वाक्य होते. ते बरोबर नाही असे मी सांगितले. साहेबांनी ते खोडले व त्या जागी "मंगळू गावीत यांचे येणेजाणे होते" असे लिहून समासात माझी सही घेतली. आता सर्व बरोबर आहे.

समक्ष
(सही) मंगळू काशिराम गावीत